तारखेच्या अलीकडे-पलीकडे

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ असंच लिहिलेलं आहे. सासऱ्यांच्या काळात मराठी तीस, इंग्रजी चाळीसच्या परीक्षेला बसणारी पोरं इथे सकाळी सहापासून टाइपरायटर बडवत असत. ती यंत्रं आता माळ्यावर गेली. खाली दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स मशीन आणि मी. जूनमध्ये उत्पन्नाचे दाखले आणि नॉन-क्रिमीलेअर, मग पीक विमा, दिवाळीनंतर शिष्यवृत्त्या, असा आमचा हंगाम ठरलेला. या हंगामात न बसणारी एक फाइल मात्र वर्षभर येत असते. ती सिंधी कॅम्पातून येते, कधी अमरावतीच्या रामपुरी कॅम्पातून. एकाचं काम झालं की तो दुसऱ्याला सांगतो, जठारपेठेत एक ताई आहे, तिला एलटीव्हीचं समजतं.

एलटीव्ही म्हणजे लाँग टर्म व्हिसा. पाकिस्तानातले, मुख्यतः सिंध प्रांतातले हिंदू नातेवाइकांकडे किंवा तीर्थयात्रेला म्हणून कमी मुदतीच्या व्हिसावर येतात आणि इथे आल्यावर मुक्कामाची परवानगी मागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणी शाखेत. पासपोर्टचं पान न् पान स्कॅन करायचं, घराचा भाडेकरार, लाइट बिल, पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो, आणि जबाबदारी घेणारा एक भारतीय जामीनदार. मुदत संपत आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. कायद्याच्या लेखी हे लोक निर्वासित नाहीत, कारण आपल्याकडे निर्वासित ठरवणारा कायदाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. जीव मुठीत धरून आलेला आणि सहलीला आलेला, दोघेही कायद्यापुढे ‘परदेशी’.

या फायलींचं काम करताना मी पहिल्यांदा पाकिस्तानचा पासपोर्ट हातात धरला. हिरवा, आतल्या पानावर जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, आणि धर्म. आपल्या पासपोर्टवर धर्म नसतो, त्यांच्यावर असतो. दुकानात येणारे सांगतात, की तिकडे दुकानाला भाडेकरार करताना, पोरीला शाळेत घालताना, ठाण्यात तक्रार द्यायला गेल्यावर याच एका ओळीचा काच होता. इकडे आल्यावर त्याच ओळीचा सगळ्यात मोठा आधार होतो. २०१९ची नागरिकत्व दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. तेव्हा मी स्कॅन करताना त्या पानाची जास्त काळजी घेते, धर्माची ओळ पुसट आली तर पुन्हा करते.

दुसरी अडचण नावांची. सिंधमधले पुष्कळ हिंदू आडनाव लावत नाहीत. नावापुढे लाल, कुमार, दास, मल असं काहीतरी येतं आणि पासपोर्ट करणाऱ्याने जे लिहिलं ते कायम होतं. आपल्या पोर्टलला आडनाव लागतं, रिकामा रकाना ते घेत नाही. त्यामुळे एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ माझ्या कॉम्प्युटरवर एक ‘लाल’ आणि एक ‘कुमार’ होतात. वडिलांचं नावही एकाच्या पासपोर्टवर एक अक्षर कमी, दुसऱ्याच्या एक जास्त. मग ते सख्खे भाऊ आहेत हे सांगायला प्रतिज्ञापत्र. लग्नाचंही तसंच. सिंधमध्ये हिंदू विवाह नोंदवण्याचा कायदा २०१६ साली झाला, पाकिस्तानच्या बाकी भागासाठी २०१७ साली. त्याआधी लग्न झालेल्यांकडे फेऱ्यांचे फोटो असतात, दाखला नसतो. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला ‘मी याची बायको आहे’ असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागतं आणि लिहिताना ती हसते, कारण दुसरं करणार काय?

अशा दोन भावांची फाइल मी बरीच वर्षं सांभाळते आहे. गाव सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातलं. धंदा किराण्याचा. थोरला २०१३ साली बायको-पोरांसह आला. धाकट्यालाही तेव्हाच यायचं होतं, पण आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला वाघा सीमेपर्यंत नेणं शक्य नव्हतं आणि एकटीला टाकून येणं तर नव्हतंच. कोणीतरी मागे राहायचं होतं, धाकटा राहिला. आई गेली, तिचं सगळं करून तो २०१६ साली अकोल्याला आला. आज दोघंही एकाच गल्लीत राहतात. सकाळी एकाच गाड्यावर दाल-पकवान विकतात, दुपारी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान सांभाळतात. थोरला आता भारतीय आहे. धाकटा पाकिस्तानी आहे.

फरक ३१ डिसेंबर २०१४चा. त्या तारखेपर्यंत जे भारतात आले त्यांच्यासाठी २०१९च्या दुरुस्तीने नागरिकत्वाची अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणली. नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडला. पण आल्यावर थोरल्याचं काम खरोखर सुरळीत झालं, हेही सांगितलं पाहिजे. हे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाहीत. जिल्हा समितीचं काम डाक अधीक्षकांकडे आहे आणि शेवटचा निर्णय राज्याचे जनगणना संचालक ज्या समितीचे प्रमुख असतात तिच्याकडे. मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो. ज्या पोस्टातून लोक मनिऑर्डर करतात, आरडीचे पैसे भरतात, त्या खात्याच्या साहेबासमोर थोरल्याने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली. त्या दिवशी तो पेढे घेऊन दुकानात आला. धाकटाही बरोबर होता. पेढ्यांचा पुडा त्याच्याच हातात होता.

धाकट्यासाठी काही वाट नाही असं नाही. वाटा आहेत, प्रत्येक वाटेवर एक कागद कमी पडतो. ज्याची आई किंवा वडील अखंड भारतात जन्मले तो ‘भारतीय वंशाचा’ धरला जातो आणि सात वर्षांत अर्ज करू शकतो. यांचे वडील १९४४ साली घोटकीजवळ जन्मले, म्हणजे अखंड भारतातच. पण ते १९९८ साली वारले, त्यांनी कधी पासपोर्ट काढला नाही आणि त्यांच्या जन्माची कुठे नोंद नाही. स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी खेड्यात घरी जन्मलेल्या माणसाचा दाखला कुठून आणायचा? आपल्याकडच्याही कितीतरी आजोबांचा तो नाही. मग उरतो लांबचा रस्ता, बारा वर्षांचा : ती अकरा आणि अर्जाआधीचं सलग एक. त्यासाठी पाकिस्तानी पासपोर्ट जिवंत ठेवायला लागतो आणि तो नवा करायला दिल्लीला त्यांच्या उच्चायुक्तालयात जावं लागतं. ज्या देशातून जिवाच्या भीतीने निघालो, त्या देशाच्या खिडकीपुढे दर काही वर्षांनी रांगेत उभं राहून सांगायचं, की मी अजून तुमचाच आहे. तसं सांगितलं तरच हा देश आपलं म्हणायचा विचार करणार.

धाकट्याच्या या वाटांवर जिल्ह्याचाही फरक पडतो. डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णयाचा अधिकार दिला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर. अकोला नव्हतं, अमरावती नव्हतं. नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्याचा निर्णय नागपुरात, इथल्याचा मुंबईत. धाकट्याच्या बायकोने एकदा मला विचारलं, “ताई, आम्ही नागपूरला घर केलं असतं तर?” मी म्हटलं, “भाभी, तेव्हा तुम्हाला कोण सांगणार होतं?” त्यांचं नागपूरला कोणी नव्हतं, अकोल्यात दीर होता, म्हणून त्या अकोल्याला आल्या. माणसं नकाशा बघून पळत नाहीत, नातं बघून पळतात.

अकोल्यातलं सिंधी कॅम्प हे नावच छावणीतून आलेलं आहे. तिथल्या जुन्या घरांतले लोक फाळणीनंतरचे, कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून पुढे वऱ्हाडात आलेले. कापड, किराणा, कंत्राटं, यांतून त्यांनी शहरात पाय रोवले. आज त्यांच्यातले कित्येक जण नव्याने आलेल्यांचे जामीनदार आहेत. त्यांनाही तारीख होती. घटनेच्या सहाव्या कलमात ती लिहिलेली आहे : १९ जुलै १९४८. त्याआधी पश्चिम पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेला माणूस आपोआप नागरिक, त्यानंतर आलेल्याला नोंदणी करावी लागे आणि सीमेवर परमिट. एक म्हातारे जामीनदार मला म्हणाले होते, “आमची बोट वेळेत लागली, बस. यांची नाही लागली.” त्यांच्या आवाजात उपकाराचा सूर नव्हता, हिशेबाचा होता. त्यांना पक्कं माहीत होतं की त्यांच्यात आणि समोरच्या पोरात फरक कर्तृत्वाचा नाही.

३१ डिसेंबर २०१४नंतर सिंधमध्ये सगळं आलबेल झालं असतं तर या तारखेला काही अर्थ होता. सप्टेंबर २०१९मध्ये घोटकीत एका हिंदू मुख्याध्यापकावर धर्मनिंदेचा आरोप झाला, जमावाने त्यांच्या शाळेची आणि तिथल्या मंदिराची मोडतोड केली. त्यानंतर ज्यांनी गाव सोडायचं ठरवलं ते या कायद्याच्या दाराबाहेर. १ सप्टेंबर २०२५पासून नवा स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा लागू झाला. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या या समाजांच्या लोकांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट दिली. दुकानात दोन दिवस फोन : “ताई, तारीख वाढली का?” सांगावं लागलं, की तुरुंगाची तारीख वाढली, नागरिकत्वाची तीच आहे.

धाकट्याचा मुलगा आला तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळेची सुरुवात त्याने तिकडे उर्दू-सिंधीत केली होती, इथे आधी खालच्या वर्गात बसला आणि मग पुढे ढकलला गेला. आता अस्सल वऱ्हाडी बोलतो. बारावीला असताना, २०२५च्या फेब्रुवारीत, नीटचा फॉर्म भरायला आला. राष्ट्रीयत्वाच्या यादीवर माउस फिरवत थांबला आणि म्हणाला, “ताई, मी त इथंच शिकलो न सारं. मंग मले परदेशी काहून लिहा लागते?” मी त्याला खरं ते सांगितलं : खोटं लिहिलंस तर बापाची फाइल अडकेल. राज्याच्या कोट्यातली जागा भारतीय नागरिकाला आणि इथल्या अधिवासाला. त्याच्याकडे पहिलंच नाही. गंमत अशी की बारा वर्षांनी नागरिकत्व मागताना घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते असं दाखवावं लागतं, आणि सिंधी त्या परिशिष्टात १९६७पासून आहे. म्हणजे त्याची मातृभाषा भारतीय आहे आणि तो नाही. थोरल्याची धाकटी पोर अकोल्यात जन्मली, महानगरपालिकेचा जन्मदाखला तिच्याकडे आहे, तरी आईबापांची कागदं होईपर्यंत तीही परदेशीच होती. २००४च्या डिसेंबरनंतर इथे जन्मलेल्या मुलाला नागरिक व्हायचं तर निदान एक पालक भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

मग त्याच वर्षीचा २२ एप्रिल आला. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची बातमी ऐकून सिंधी कॅम्पात त्या रात्री दुकानं लवकर बंद झाली. दोन दिवसांत जाहीर झालं, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द, वैद्यकीय व्हिसा २९ तारखेपर्यंत. अटारीची चौकी बंद. हिंदूंना दिलेले एलटीव्ही कायम राहतील असा खुलासा लगोलग आला, पण टीव्हीवर ‘शहरात एवढे पाकिस्तानी’ अशा पट्ट्या फिरत होत्या आणि पट्टीत एलटीव्ही लिहायला जागा नसते. एका घरमालकाने भाडेकरूला सामान उचलायला सांगितलं. दुकानासमोर सकाळी शटर उघडायच्या आधी माणसं उभी, हातात पिशव्या. सगळ्यांना एकच हवं होतं : आपला एलटीव्ही अजून चालू आहे असं दाखवणारा कागद, मोठ्या अक्षरात, रंगीत. नीटची परीक्षा ४ मेला होती. तो पोरगा त्या आठवड्यात माझ्या दुकानात लोकांचे प्रिंट काढून देत होता, कारण घरी बसवत नव्हतं.

त्याच रांगेत बाळापूरकडची एक बाई होती, बुरख्यातली, नवरा इथला. लग्न करून पाकिस्तानातून आलेली, तीन लेकरं, तिन्ही भारतीय. तिचा एलटीव्ही नूतनीकरणाला दिलेला, हातात फक्त पोचपावती. इतरांसाठी खुलाशात धर्माचा शब्द होता, तिच्यासाठी नव्हता. त्या दिवसांत अटारीवरची चित्रं सगळ्यांनी पाहिली : आईचा पासपोर्ट हिरवा, लेकराचा निळा, आणि मधे फाटक. मी पोचपावतीचा नीट प्रिंट काढून दिला. तिने तो लॅमिनेट करून मागितला. मी म्हटलं, “आपा, लॅमिनेशन केलं की शिक्का मारता येत नाही.” ती म्हणाली, “शिक्का जब आएगा तब देखेंगे, अभी ये फटना नहीं चाहिए.” मी करून दिला. शेजारी सिंधी कॅम्पातली एक आजी बसली होती, तिने सरकून तिला बाकावर जागा दिली. दोघीही एकाच देशाच्या पासपोर्टवर, एकाच धास्तीने आलेल्या, आणि कायद्याने दोघींना दोन निरनिराळ्या रांगांत उभं केलं होतं. ती बाई सध्या इथेच आहे. पुढे मे ते जुलैच्या दरम्यान सगळ्याच एलटीव्हीवाल्यांना पोर्टलवर नव्याने अर्ज भरायला सांगितलं गेलं, तेव्हा दोघींचेही फॉर्म मीच भरले.

चौकशी नको असं मी कधी म्हणणार नाही. पोलिसांनी चौकशी करावी, एकदा नाही दहादा करावी. सीमेपलीकडून कोण येतो हे सरकारला कळलंच पाहिजे, पहलगामनंतर तर जास्तच. पण तारीख चौकशी करत नाही. २०१३चा थोरला आणि २०१६चा धाकटा, दोघांची चौकशी त्याच शाखेने केली, दोघांनाही तेच प्रश्न विचारले, दोघांच्याही पानावर ‘हरकत नाही’ असाच शेरा पडला. सुरक्षेच्या कसोटीला दोघं सारखेच उतरले. मग जे अडलं ते सुरक्षेपायी अडलं नाही. कडक धोरणाचं समर्थन करताना धोक्याचं नाव घेतलं जातं आणि अंमल मात्र तारखेवर, जिल्ह्यावर आणि धर्मावर होतो. त्याची सगळ्यात जड किंमत त्याला पडते, ज्याने निघताना घाई केली नाही, आजारी आईजवळ थांबला.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाने १९ जुलै २०१३ला जाहीर केलं, की यापुढे बिनव्हिसा बोटीने येणाऱ्या कोणालाही आपल्या देशात वसवणार नाही, त्यांना पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर ठेवणार. एक दिवस आधी पोचलेला आणि एक दिवस नंतर पोचलेला, समुद्र तोच, बोटही तसलीच. बेहरुझ बुचानी हा कुर्दी पत्रकार त्या तारखेच्या पलीकडे सापडला आणि मानुसवर वर्षानुवर्षं अडकला. तिथून व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवलेल्या मजकुराचं त्याचं पुस्तक २०१८ साली निघालं. ब्रिटनने २०२२ साली आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायची योजना काढली, २०२३च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, २०२४ साली नव्या सरकारने गुंडाळली. मधली दोन वर्षं ज्यांनी हॉटेलच्या खोल्यांत ‘उद्या विमानात बसवतील’ या भीतीने काढली, त्यांची भरपाई कोणत्याही निकालाने होत नाही.

१९५१च्या करारात मुळात एकच गोष्ट पाहायची असते : या माणसाला परत पाठवलं तर त्याचा छळ होईल अशी त्याची भीती रास्त आहे का. आमच्या दुकानातून जाणाऱ्या नागरिकत्वाच्या अर्जांत ‘तुमच्यावर काय गुदरलं’ असा रकाना नाही. कधी आलात, कुठून आलात, कोणत्या समाजाचे, कोणत्या जिल्ह्यात राहता, हे सगळं आहे. धाकट्याच्या दुकानावर कोणी चिठ्ठी टाकली होती, पुतणीला शाळेतून का काढलं, हे मला माहीत आहे कारण चहा पिताना त्याने सांगितलं. सरकारला माहीत नाही, कारण सरकारने विचारलेलं नाही. निर्वासितांसाठी कायदा असावा हा विचार नवा नाही. शशी थरूर यांनी २०१५ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. असा कायदा आला तर कदाचित धाकट्याला मिळेल आणि दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. पण निदान माणसागणिक विचार होईल आणि नाही म्हणताना कारण द्यावं लागेल. बाळापूरच्या बाईलाही मग पोचपावती लॅमिनेट करून छातीशी धरायची वेळ येणार नाही.

तोवर आमचं काम चालू आहे. धाकट्याची बारा वर्षं २०२८ साली भरतील. मधे एकदा पासपोर्ट नवा करावा लागेल, एलटीव्हीची मुदत वाढवावी लागेल, आणि जामीनदार म्हणून या वेळी थोरला भाऊ सही करेल, ‘लाल’ आणि ‘कुमार’ सख्खे असल्याच्या प्रतिज्ञापत्रासकट. मुलाला राज्याच्या कोट्यातून वैद्यकीयला जागा नाही म्हणून त्याने अकोल्यातच बीएस्सीला नाव घातलं आहे. २०२८ साली तो वीस वर्षांचा असेल, सज्ञान, म्हणजे बापाच्या अर्जात त्याचं नाव घालता येणार नाही. त्याची फाइल वेगळी करावी लागेल. ती मी आताच उघडून ठेवली आहे.